गुडघ्याला मातीचा लेप लावताय? मग आधी या चुका टाळा

आईच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्सरे काढले तेव्हा ती ६६ ची होती. रिपोर्टवर ग्रेड ३ लिहिलेलं, म्हणजे गुडघ्याची मध्यम झीज (ऑस्टिओआर्थरायटिस). आम्ही राहतो नेरूळला, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघेदुखी म्हणजे काय ते आम्हाला रोज जिन्यातच दिसायचं. आई कठडा धरून एकेक पायरी चढणार, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवणार, आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाच्यातरी दारातल्या चपलांच्या रॅकला हात टेकून उभी राहणार. डॉक्टरांनी व्यायाम, वजन कमी करा आणि फारच दुखलं तर गोळी असं सांगितलेलं. मग कोणीतरी निसर्गोपचाराचं सुचवलं, आम्ही १२ दिवस एका सेंटरला जाऊन मातीचे पॅक घेतले, तिथे बघून बघून शिकलो आणि आता दोन वर्षं घरीच करतोय.

आईला फायदा झालाय, हे आधी सांगते. पण या दोन वर्षांत आमच्या हातून बऱ्याच चुका झाल्या आणि बिल्डिंगमधल्या, ओळखीतल्या लोकांच्याही बघितल्या, त्यातली एक तर थेट पायावर बेतली होती. म्हणून हे लिहितेय.

लेप काढला की झोपायचं, ही सगळ्यात मोठी चूक

आम्ही पहिले दोन महिने हेच केलं. दुपारी पॅक लावायचा, काढायचा, पाय पुसायचा आणि आई पांघरूण घेऊन पडायची. बरं वाटायचं, पण संध्याकाळी उठली की परत पहिल्यासारखंच. आम्हाला वाटलं मातीच चांगली नाहीये, म्हणून माती बदलली, मग जाडी वाढवली, मग दिवसातून दोनदा लावून बघितलं. फरक काहीच नाही.

नंतर फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. गुडघ्यातली झिजलेली गादी मातीने परत भरून येत नाही, एक्सरेमधली हाडांमधली कमी झालेली गॅप वाढत नाही, आणि असं होतं असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ओली चिकणमाती गरम केली की ती उष्णता धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, पाण्यासारखी ती आतल्या आत फिरत नाही म्हणून त्वचेला चटका कमी बसतो आणि शेक बराच वेळ मिळतो. त्याने रक्तपुरवठा वाढतो, आजूबाजूचे आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं कमी होतं. म्हणजे काही वेळ गुडघा मोकळा होतो. तो मोकळा वेळ वापरायचा असतो! आणि आम्ही तो झोपेत घालवत होतो.

आता आमचं असं ठरलंय. साडेचारला पॅक, वीस पंचवीस मिनिटांनी काढायचा, दहा मिनिटं शांत बसायचं आणि मग व्यायाम. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. मग पाय सरळ ठेवून एकेक उचलायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, जमेल तेवढ्या वेळा, सुरुवातीला आईला तीन वेळासुद्धा जमत नव्हतं. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, सगळा खेळ त्या स्नायूचा आहे. मग खाली उतरून नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई पार्कच्या ट्रॅकवर हळूहळू एक फेरी. जिन्याचं पण एक सांगते, ताईंनी शिकवलेलं, चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी. आई वर्षभर उलटं करत होती.

आणि वजन. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे अभ्यासातून मोजलेलं आहे. आईचं पाच किलो कमी झालं, म्हणजे हिशोब करा. जगभरात गुडघ्याच्या या आजारासाठी डॉक्टरांच्या ज्या गाइडलाइन्स आहेत त्यात व्यायाम आणि वजन हेच पहिल्या नंबरला येतात. मातीवरचे अभ्यास पण झालेत, विशेषतः इटली, तुर्कस्तान, हंगेरी, इस्रायल या भागात, बऱ्याच अभ्यासांत दुखणं आणि आखडणं कमी झालेलं दिसलंय, पण हे अभ्यास छोटे आहेत आणि पेशंटला माती लावलीय की नाही हे त्याच्यापासून बहुतेक वेळा लपवता येत नाही, त्यामुळे त्यातला किती फायदा मातीचा, किती नुसत्या शेकाचा आणि किती मनाचा हे वेगळं काढणं अवघड जातं. म्हणून माती व्यायामाच्या जोडीला ठेवा, व्यायामाच्या जागी नको.

चटका, आणि डायबेटिस असेल तर फार जपून

आमच्याच विंगमधल्या एका काकूंचं सांगते. १५ वर्षांची शुगर, गुडघे आईसारखेच. आईचं बघून त्यांनी घरी सुरू केलं, माती थेट गॅसवर गरम केली, हात लावून बघितला तर वरून कोमट लागली म्हणून गुडघ्याला लावली आणि टीव्ही बघत बसल्या. दुखलं नाही, चटका लागला नाही, काहीच जाणवलं नाही. लेप काढला तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूला फोड आलेले. ती जखम भरायला अडीच महिने गेले. रोजचं ड्रेसिंग, मुलगा ऑफिसला जायच्या आधी त्यांना घेऊन जायचा. मला आजही वाईट वाटतं कारण त्यांना माती करायला आम्हीच सांगितलं होतं आणि शुगरचं विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे माती वरून लवकर गार होते आणि आत गरम राहते, म्हणून वर बोट लावून काही कळत नाही. पूर्ण ढवळायची, मधला गोळा बाहेर काढायचा आणि तपासायचा. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, तिथे माती मधेच कुठेतरी उकळते आणि बाजूला गार असते. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात मातीचं भांडं ठेवायचं, आपण चॉकलेट वितळवतो तसं, आणि मधून मधून ढवळायचं. दुसरी गोष्ट म्हणजे बरीच वर्षं डायबेटिस असेल तर पायाच्या नसा बधिर होतात, गरम आणि गार यातला फरक कळत नाही. डॉक्टर पायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून बघतात ती टेस्ट करून घ्या. धागा जाणवत नसेल तर गरम माती घरी लावायचीच नाही, कितीही कोणी सांगू दे.

अभ्यासांमध्ये साधारण ४० ते ४५ अंशाची माती वापरतात पण तिथे समोर माणूस उभा असतो. घरी मी ४० ते ४२ च्या वर जात नाही. एक साधा थर्मामीटर मिळतो, किचनमध्ये दुधासाठी वापरतात तो, तोच घेतलाय. तो नसेल तर लेप लावणाऱ्याने आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला मातीचा गोळा पूर्ण एक मिनिट ठेवून बघायचा. लगेच काढायचा नाही, चटका उशिरा कळतो. पाच मिनिटांनी लेपाची कड उचलून त्वचा बघायची, गुलाबी ठीक आहे, लालभडक किंवा पांढरट डाग दिसले की लगेच काढायचं.

आणि गरम पॅकवर पाय टाकून झोपायचं नाही. गुडघ्यामागची त्वचा पातळ असते, वरून पायाचं वजन पडलं की तिथलं रक्त दबतं, उष्णता वाहून जात नाही आणि भाजतं. पॅक समोर आणि बाजूंना, मागे नको. चुकून भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद पण नको, आणि शुगर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

बाम लावून वरून गरम माती

हे घरोघरी होतं. आधी दुखणं थांबवायचा बाम किंवा जेल चोळायचं आणि वरून माती, म्हणजे डबल इफेक्ट असं वाटतं. बामच्या ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यावर गरम पॅक लावू नका, ते कोणी वाचत नाही. मिरचीचा अंश असलेल्या क्रीमवर उष्णता लागली की आग आग होते आणि त्वचा सोलते. जेलवर शेक दिला तर औषध त्वचेतून जास्त आत जातं. बाम लावला असेल तर साबणाने धुवून मध्ये काही तास जाऊ द्या, किंवा त्या दिवशी माती राहू दे.

माती कुठली घ्यायची, त्यापेक्षा कुठली घ्यायची नाही

खाडीचा काळा चिखल आणून लावणारे लोक मी स्वतः बघितलेत. डेड सीचा चिखल लोक लावतात ना, मग आपली खाडी काय वाईट, असा विचार. एका गृहस्थांनी तर सांगितलं की तिथे फ्लेमिंगो येतात म्हणजे चिखल चांगलाच असणार. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, ते खरंय, आपल्याला अभिमान आहे. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि सगळ्या शहरांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिथेच गेलंय, त्या गाळात जड धातू सापडलेत, आणि फ्लेमिंगो जे शेवाळ खातात ते अशा सांडपाण्याच्या पाण्यातच फोफावतं. कृपा करून तो चिखल अंगाला लावू नका. शिवाय कांदळवनात खणायला कायद्याने बंदी आहे.

दुसरं, वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीच्या गरम कुंडांतला गाळ. आमच्या मावशीने बाटलीत भरून आणला होता, श्रद्धेने आणला होता म्हणून कोणी काही बोललं नाही. गरम पाण्यात गुडघे शेकले तर बरं वाटतं, जरूर बसा, पण तळाचा गाळ म्हणजे हजारो लोकांच्या आंघोळीचा गाळ. इटलीत आबानो नावाचं गाव आहे, तिथे गुडघ्यासाठी जो चिखल वापरतात तो गरम झऱ्याच्या पाण्यात जवळजवळ दोन महिने मुरवलेला असतो, त्याची तपासणी होते. काठावरून उचलून बाटलीत भरलेला गाळ आणि तो, यांची तुलना होत नाही.

तिसरं, बाप्पाची माती. शाडूच्या मूर्तीचं घरीच बादलीत विसर्जन केलं की खाली छान मऊ माती उरते, ती टाकवत नाही, म्हणून कोणी ती गुडघ्याला लावतात. भावना समजते, पण त्यात रंग असतात, चमकी असते. ती कुंडीत किंवा झाडाखालीच बरी. कोरी शाडू माती पेणच्या कारखान्यातून किंवा दुकानातून आणली तर चालते, ती चिकट असते, उष्णता धरते. काळी माती पण चांगली, आमच्या सेंटरला काळीच वापरायचे. शेतातली आणायची तर वरचा थर बाजूला करून तीन चार फूट खालची, म्हणजे खत, फवारणी, शेण यातलं काही नको. फेस पॅकची पाकिटं घेऊ नका, त्यात सुगंध असतो आणि एवढ्याशा पाकिटात जाड लेप होत नाही.

माती कडक उन्हात चार दिवस वाळवायची, खडे काढून चाळायची, आणि रात्री पाण्यात भिजवायची. वाळवली म्हणजे सगळे जंतू मेले असं मात्र समजू नका, धनुर्वाताचे जंतू बीजरूपात असतात आणि ते उकळत्या पाण्याला पण दाद देत नाहीत. म्हणून गुडघ्यावर खरचटलं असेल, खाजवून जखम झाली असेल, नायटा असेल तर माती नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलंय का तेही बघा, आपल्या आईवडिलांनी बहुतेक वेळा घेतलेलं नसतं.

एकदा वापरलेली माती दुसऱ्याला लावू नका, आणि भिजवलेली बादली आठवडाभर बाल्कनीत ठेवू नका. आमच्याकडे राहिली होती एकदा, वर पाणी साठलं आणि त्यात डासांच्या अळ्या. महापालिकेची माणसं फवारणीला आली त्यांनी दाखवलं.

गरम की गार?

गांधीजी माती वापरायचे म्हणून बरेच जण गारच लावतात. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, पण त्यांच्या मातीच्या पट्ट्या मुख्यतः पोटावर आणि डोक्यावर, ताप आणि पोटाच्या तक्रारींसाठी असायच्या. गुडघ्याच्या झिजेवर ज्या मातीचे अभ्यास झालेत ती बहुतेक गरम. तर सकाळी आखडलेला, कुरकुर वाजणारा, जुना दुखरा गुडघा असेल तर गरम. गुडघा सुजलाय, हात लावला तर गरम लागतोय, काल जास्त चालणं झालंय, अशा वेळी गरम लावलं की सूज वाढते. आईचं हेच झालं होतं, भाच्याच्या लग्नात दिवसभर उभी होती, रात्री गुडघा टम्म, आणि आम्ही वरून गरम पॅक दिला. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. अशा दिवशी गार पॅक १५ मिनिटं आणि पाय उंचावर.

आणि गुडघा लाल, गरम, सोबत ताप असेल तर माती वगैरे काही नको, तडक डॉक्टर. सांध्यात इन्फेक्शन असू शकतं. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या वर राहत असेल, हाताची बोटं पण सुजत असतील तर ती नुसती झीज नसेल, तपासून घ्या. चिकनगुनियानंतरचं दुखणं पण लोक झीज समजून शेकत बसतात, आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे फार बघायला मिळतं. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर ती रक्ताची गाठ असू शकते, तिथे शेक आणि चोळणं दोन्ही धोक्याचं. हार्टचा त्रास, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, नुकतंच गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, मोठ्या फुगलेल्या निळ्या शिरा, यात आधी विचारूनच करा.

बारीकसारीक अडचणी

लेप पाच मिनिटांत गार पडतो? मग तो पातळ आहे, बोटाच्या जाडीएवढा हवा, आणि वरून प्लास्टिक आणि मग जुनी शाल गुंडाळा, पंखा बंद. सुकून तडकतो आणि केस ओढले जातात? म्हणजे जास्त वेळ ठेवलाय. २० ते २५ मिनिटं पुरे, नंतर माती गारच होते, तास तास ठेवून जास्त काही मिळत नाही. खाज येते, पुरळ येतं? मध्ये पातळ मलमलचं कापड ठेवून बघा, तरीही आलं तर माती बदला. उठताना चक्कर येते? जेवल्यावर लगेच करू नका, पाणी प्या, आणि दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा मगच उभे राहा. पाच सहा दिवसांत काहीच फरक नाही? साधारण दोन आठवड्यांत १० ते १२ वेळा झाल्याशिवाय ठरवू नका, पण तेवढं व्यायामासकट करूनही फरक नसेल तर माती वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गुडघा अडकतो, मध्येच लचकतो, पाय धनुष्यासारखा वाकत चाललाय, रात्री झोपेतून उठवतं, असं असेल तर मातीच्या नादात ऑपरेशनचा निर्णय दोन दोन वर्षं पुढे ढकलू नका.

एक सवय अजून. लेप लावताना गुडघ्याखाली छोटी गुंडाळी ठीक आहे, पण बरं वाटतं म्हणून रात्रभर उशी ठेवून झोपायचं नाही. गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो, मग तो पूर्ण सरळ होत नाही आणि चालणं बिघडतं. आईची उशी काढायला मला महिनाभर भांडावं लागलं.

शेवटी बाथरूम. ओली माती नहाणीत धुतली की टाइल्स बर्फासारख्या होतात, आणि दुखऱ्या गुडघ्याचा माणूस एका पायावर उभा राहून दुसरा पाय धूत असतो. आई एकदा घसरली, नळाला हात लागला म्हणून वाचली. आता ती खुर्चीवर बसते, खाली जुनी चादर आणि टब, मी माती लाकडी उलथण्याने काढून टबात टाकते, उरलेली ओल्या फडक्याने पुसते, आणि पाय पूर्ण कोरडे झाल्यावरच ती उठते. माती ड्रेनेजमध्ये जाऊ देऊ नका, खाली ट्रॅपमध्ये बसते आणि तुंबते, आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचं छत गळायला लागलं तेव्हा प्लंबरने त्यातून अर्धी बादली काळी माती काढली होती. वापरलेली माती आम्ही गच्चीवर वाळवून कुंड्यांत टाकतो.